सही वसईची, शीव आमची

श्रीमंत बाजीराव रघुनाथ पेशवे,
मुक्काम बिठूर, गंगातीर, यांसी

मु. पो. कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना येथून एका निवृत्त मास्तराचे साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्रास कारण की, गेल्या नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. पेन्शन चालू राहायचं तर आपण अजून जिवंत आहोत हे दरसाल सांगावं लागतं. यंत्रावर अंगठा ठेवायचा. खडू धरून धरून रेघा झिजलेल्या, त्यामुळे यंत्राला दोनदा मी मी वाटलोच नाही. तिसऱ्या खेपेला अंगठा उमटला आणि मला एकदम तुमची आठवण झाली. मराठी मुलखात पेन्शनीवर जगलेली माणसं लाखोंनी होऊन गेली, पण तुमच्याएवढं पेन्शन कुणी खाल्लं नाही. सालीना आठ लाख रुपये! ३ जून १८१८ ला असीरगडाजवळ तुम्ही माल्कमसाहेबाच्या स्वाधीन झालात आणि २८ जानेवारी १८५१ ला बिठूरला डोळे मिटलेत. मी इतिहासाबरोबर गणितही शिकवायचो. साडेबत्तीस वर्षांचे दोन कोटी साठ लाख होतात, तेही त्या काळचे. माल्कमच्या वरिष्ठांनासुद्धा हा आकडा जड वाटला होता. तुम्हाला वाटला नाही, हे तुमच्या मोठ्या मनाला शोभतंच.

तर म्हटलं, एका पेन्शनरानं दुसऱ्या पेन्शनराला ख्यालीखुशालीचं पत्र टाकावं. आज तारीखही बरी आहे, ३१ डिसेंबर. गावातली पोरं ढाब्यावर गेली आहेत. मी दिव्याखाली तुमचा वसईचा तह काढून बसलो आहे. याच तारखेला, १८०२ साली, तुम्ही त्यावर सही केलीत.

आता तुम्ही विचाराल, वसईच्या तहाशी कुंभार पिंपळगावाचा संबंध काय? रास्त आहे. आमच्या गावाचं नाव तुमच्या कानावरही गेलं नसेल. कापूस, ऊस, मोसंबी आणि पाण्याची वाट बघणं एवढंच आमचं भांडवल. पण ज्यांची नावं कधी ऐकली नाहीत, त्यांच्याच जमिनी कागदावर द्यायला हात कचरत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. शिवाय समर्थांचं जांब आमच्या शेजारी. त्यामुळे न विचारता शहाणपण सांगायची खोड आमच्या मातीतच आहे. आणि कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येतेच. तुमचं प्रकरण दोनशे वर्षांनी का होईना, आमच्या कुंभारवाड्यात आलं.

प्रथम अभिनंदन करतो ते जागेच्या निवडीबद्दल. तह कुठं करावा? वसईतच करावा. तुमचे आजोबा थोरले बाजीराव, त्यांचे सख्खे भाऊ चिमाजीअप्पा. त्यांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा त्या तटाखाली हजारो माणसं पडली. म्हणजे चुलत आजोबांनी रक्त सांडून मिळवलेली जागा नातवानं शाई सांडायला वापरली. जागा वाया गेली नाही म्हणायची. तुमच्या तीर्थरूपांनी तर ६ मार्च १७७५ ला सुरतेत इंग्रजांना लिहूनच दिलं होतं: मला पेशवा करा, साष्टी आणि वसई तुमची. मुलगा वडिलांच्या पुढं जावा अशी प्रत्येक बापाची इच्छा असते. राघोबादादांची ती इच्छा तुम्ही पुरी केलीत. त्यांनी दोन ठिकाणं देऊ केली होती, तुम्ही सगळंच दिलंत.

आमची चौथीची पोरंसुद्धा विचारायची, "सर, इंग्रज तर आपले शत्रू होते ना?" होते. चांगली सात वर्षं होते. तुमच्या वडिलांना गादीवर बसवायला निघालेली त्यांची फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी अशी कोंडली की साहेबांना गुडघे टेकून लिहून द्यावं लागलं. मुंबईकर इंग्रजांची एवढी नाचक्की त्यांच्या वरिष्ठांना सहन होईना आणि त्यांनी ते लिहून दिलेलं मोडलं. पुढे १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. महादजी शिंद्यांनी घडवून आणला. त्यात साष्टी गेली, हे खरं. पण वसई परत आली, तुमच्या वडिलांना महिना पंचवीस हजार देऊन गप्प बसवलं आणि दोन बरोबरीचे शत्रू बरोबरीनं उठले. त्यानंतर वीस वर्षं इंग्रज आपल्या वाटेला गेला नाही. शत्रूशी तह करणं हे पाप नव्हे, श्रीमंत. सालबाईही शत्रूशीच झाली होती. उठताना पायावर उभं राहायचं की मांडीवर बसायचं, एवढाच काय तो फरक.

आता त्या वीस वर्षांनंतरची गोष्ट. ती सांगताना मला पुस्तक लागत नाही, आमच्या शिवारातला कुठलाही बांध पुरतो. दोन भाऊ असतात. एकानं बांध कोरला, दुसऱ्यानं काठी उगारली. पंच बसतात, चहा होतो, शिव्या होतात, पाचपंचवीस वर्षं तारखा चालतात. पण एखादा दीडशहाणा निघतो. तो म्हणतो, भावकीच्या तोंडी लागण्यापेक्षा तालुक्याहून चार दांडगे आणून रानात बसवतो. त्यांचा पगार? रानातल्याच चार एकरांच्या उत्पन्नातून. त्यांचं जेवणखाण? तेही रानातूनच. त्यांनी कुणाशी भांडायचं, ते कोण ठरवणार? तेच. दोन हंगामांनी तो दीडशहाणा स्वतःच्या रानात रोजंदारीला दिसतो. अशी माणसं मी पाहिली आहेत. फक्त त्यांना कुणी श्रीमंत म्हणत नाही.

तुमच्या बांधावरचं भांडण शिंदे आणि होळकरांचं होतं. तुम्ही ते मिटवायचं, कारण दोघांच्या वर बसलेले तुम्ही. १३ मार्च १८०० ला नाना फडणीस गेले आणि तुम्हाला दटावणारं कुणी उरलं नाही. त्याआधीच तुम्ही पेशवाई मिळवून दिल्याबद्दल दौलतराव शिंद्यांना कबूल केलेले कोट्यवधी रुपये वसूल करायला सर्जेराव घाटग्याला पुण्याच्या सावकारांवर सोडलं होतं. घाटग्यानं लोकांना बांधून, मारून पैसा काढला. स्वतःच्या राजधानीवर वसुली लावणारा राजा मी दुसरा वाचला नाही. मग एप्रिल १८०१. विठोजी होळकर तुमच्या हाती सापडला. बंडखोर होता, मुलूख लुटत होता, सगळं मान्य. कैदेत ठेवता आलं असतं, त्याच्या जिवावर त्याच्या भावाशी बोलणं लावता आलं असतं. तुम्ही शनिवारवाड्यापुढं त्याला हत्तीच्या पायी दिलंत. हा हत्ती लक्षात ठेवा. पुढं पुन्हा येणार आहे.

त्याचा भाऊ यशवंतराव. त्याचं मागणं काही आकाशातलं नव्हतं. शिंद्यांनी अडकवून ठेवलेला पुतण्या सोडवा, शिंद्यांना आवरा. तुम्ही एकही गोष्ट केली नाहीत. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. हडपसरच्या माळावर होळकरांनी तुमची आणि शिंद्यांची फौज मोडली. आणि इथं तुमच्या दूरदृष्टीला दाद द्यावी लागते. माळावर तोफा चालू असताना, त्याच दिवशी, तुमचा कारभारी इंग्रजांचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्याकडं कागद घेऊन गेला होता. सहा पलटणी द्या, त्यांच्या खर्चापुरता मुलूख देतो. लढाईचा निकाल लागायच्या आधी तुम्ही हार लिहून ठेवली होती. आमच्याकडं परीक्षेआधी नापासाचा अर्ज देणारा विद्यार्थी मला एकही भेटला नाही.

मग तुमची ती प्रसिद्ध यात्रा. सिंहगड, रायगड, महाड, सुवर्णदुर्ग, तिथून समुद्रानं वसई. होळकर मागून निरोप पाठवत होता, परत या, गादी तुमचीच. तो काही संत नव्हता. पुण्याला त्यानंही नंतर पिळलंच. पण गादीवर बसायची त्याची इच्छा नव्हती. त्याला गादीवर कुणी तरी हवं होतं आणि तुम्ही वाटेतला एकेक किल्ला बघत चालला होतात. शिवाजी महाराजांनी हे किल्ले बांधले, जिंकले ते तिथून लढावं म्हणून. तिथून पळताही येतं, हा शोध तुमचा. म्हणून तर लोक तुम्हाला पळपुटा म्हणतात. मला ते नाव पटत नाही. पळणारा माणूस काही तरी मागं ठेवून पळतो. तुम्ही पोहोचलात तिथं सगळं बरोबर नेऊन दिलंत.

तहाचं नाव कसं देखणं होतं! कंपनी आणि पेशवे यांच्यामधला कायमचा, सर्वसाधारण संरक्षणाचा तह. आत काय? कंपनीची सहा हजार कवायती पायदळाची फौज, तोफखान्यासकट, तुमच्या मुलखात राहील. तिच्या खर्चाला वर्षाला सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तुम्ही तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना चाकरीत ठेवायचं नाही. सुरतेवरचा हक्क सोडायचा. गायकवाडांशी आणि निजामाशी जे देणंघेणं असेल, ते इंग्रज ठरवतील तसं. कुणाशी लढायचं, कुणाशी बोलायचं, ते इंग्रजांना विचारून. आणि एकाचा दुश्मन तो दोघांचा दुश्मन. हे शेवटचं कलम वाचताना तुम्ही चष्मा लावला होतात का? कारण आठच महिन्यांत इंग्रजांचे दुश्मन निघाले शिंदे आणि भोसले, म्हणजे तुमचेच सरदार. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तुम्ही तर दांड्याबरोबर गोतही कंत्राटानं दिलंत.

निजामाचं कलम मात्र आम्हाला विशेष झोंबतं. गोदेच्या पलीकडच्या काठाला राक्षसभुवन आहे. तिथं १० ऑगस्ट १७६३ ला तुमच्या चुलतभावानं, माधवरावानं, निजामाला धूळ चारली. वय अठरा. तुमचे वडील त्याच लढाईत अडचणीत आले होते आणि पुतण्यानं त्यांना वाचवलं. पुढं ११ मार्च १७९५ ला खर्ड्याला पुन्हा निजाम नमला. पराभवानं घाबरून तो १७९८ साली इंग्रजांची तैनाती फौज घेऊन बसला. हरलेल्यानं जे औषध घेतलं, तेच चार वर्षांनी जिंकलेल्यानं घेतलं. वर निजामाकडच्या आपल्या येण्याचा हिशेबही इंग्रजाच्या हाती. चौथाई मागायला निघालेला पेशवा तिसऱ्याच्या दारात पावतीसाठी उभा.

तुमच्या आधी आठ वर्षं, तिकडं समुद्रापार, असाच एक तह झाला होता. अमेरिका नुकतीच इंग्लंडशी लढून स्वतंत्र झालेली. जॉन जे नावाचा त्यांचा वकील लंडनला गेला आणि १९ नोव्हेंबर १७९४ ला जुन्या शत्रूशी तह करून आला. अमेरिकेत केवढा गदारोळ! गावोगाव जेचे पुतळे जाळले. त्यांच्या सिनेटमध्ये तह जेमतेम पास झाला, २० विरुद्ध १०, म्हणजे दोन तृतीयांश लागतात तर बरोबर दोन तृतीयांश. लोक म्हणाले, फार दिलं, फार थोडं मिळवलं. पण त्या बदनाम तहानं एक गोष्ट झाली. अमेरिकेच्या सरहद्दीवर किल्ल्यांत ठाण मांडून बसलेले इंग्रज सैनिक निघून गेले. तुमच्या तहानं ते आत आले. पुतळे जाळायला तेव्हा आमच्याकडं फुरसत नव्हती. लोक दाणे शोधत होते. तुमच्या सहीच्या पुढच्याच साली पाऊस रुसला, वर फौजांनी गावं साफ केलेली. १८०३–०४ चा दुष्काळ दख्खनच्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सांगितला.

बरं, हा तह इंग्रजांना तरी एकमतानं आवडला का? तेही नाही. लंडनात कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या कॅसलरेनं त्यावर टीका केली. याच्यापायी आपण अख्ख्या मराठ्यांशी लढाईत ओढले जाऊ, असा त्याचा सूर. आणि कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर, ज्यानं १३ मे १८०३ ला तुम्हाला हाताला धरून पुण्याच्या गादीवर बसवलं, तो पुढं म्हणाला की हा तह एका शून्याशी झाला आहे. शून्य म्हणजे तुम्ही, श्रीमंत. गणिताच्या मास्तराला हे वाचून वाईट वाटलं. शून्याची योग्यता मोठी आहे. ते योग्य जागी बसलं तर दहाचे शंभर होतात.

आता आमच्या जिल्ह्याकडं येऊ. इथं मला थोडा वेळ द्या, कारण तुमच्या सहीची शाई इथंच वाळली.

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला आणि महिना संपायच्या आत गोदावरी ओलांडली. शिंदे आणि भोसल्यांची घोडदळं अजिंठ्याचा घाट चढून जालन्याच्या मुलखात फिरत होती. कर्नल स्टीव्हन्सननं सप्टेंबरच्या सुरुवातीला जालन्याचा किल्ला घेतला. वेलस्ली गोदेच्या काठाकाठानं पूर्वेला सरकला, हैदराबादची वाट अडवायला. म्हणजे आमच्याच अंगणातून. या फौजांच्या मागं हजारो बैल, वाण्यांचे तांडे, वैरणीची मागणी. एका फौजेनं दाणे नेले की दुसरी विचारते, पहिलीला दिलेत, आम्हाला का नाही? गावाला तुमच्या तहाची कलमं माहीत असायचं कारण नव्हतं. गावाला बैल गेला एवढं कळतं.

२१ सप्टेंबरला दोघे साहेब बदनापुरात भेटले. आज जालन्याहून संभाजीनगरला जाताना एसटी जिथं थांबते तेच बदनापूर. ठरलं की दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला भोकरदनकडं मिळून हल्ला करायचा. पण २३ तारखेलाच वेलस्लीला समोर अख्खी मराठा फौज दिसली. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, असई गावाजवळ. वाटाडे म्हणाले, केळनेला उतार नाही. साहेबानं पाहिलं, नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं आहेत, वारूर आणि पिंपळगाव. समोरासमोर गावं असली की जायचायायचा उतार असणारच, असं त्यानं ताडलं. आणि होताच. परक्या माणसाला आमच्या नदीचा, आमच्या सोयरिकीचा अंदाज आला. तुम्हाला आला नाही. हे पिंपळगाव आमचं नव्हे, ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या जिल्ह्यात पिंपळगावं पुष्कळ. पण दरवेळी हा धडा शिकवताना मला नाव घेताना खाली बघावंसं वाटायचं.

लढाई काय झाली म्हणता! शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहिले ते पडेपर्यंत. इंग्रजांची रांग त्यांच्या अंगावरून पुढं गेली, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले उठले आणि तोफा फिरवून पाठीमागून डागल्या. साहेबाच्या हाताखालची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं पडली: ४२८ मेले, ११३८ जखमी. स्कॉटलंडच्या एका पलटणीत जवळजवळ कुणी अधिकारी उभा राहिला नाही. हाच वेलस्ली पुढं वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं, आणि म्हातारपणी त्याला विचारलं की तुझी सर्वांत चांगली लढाई कोणती, तर त्यानं असईचं नाव घेतलं. वॉटर्लूचं नव्हे. तुमच्या कारकिर्दीत मराठी माणसानं मिळवलेला एवढाच दाखला आहे ज्यावर साहेबाची सही आहे. तो मिळवणाऱ्या गोलंदाजांची नावं मला कुठल्या पुस्तकात सापडली नाहीत. त्यांच्या ९८ तोफा मात्र साहेबानं नीट मोजून घेतल्या. भोसले आणि शिंदे स्वतः लढाई संपायच्या आतच निघून गेले होते. तेव्हा पळण्याचा मान तुमच्या एकट्याचा नाही, हे तुम्हाला कळवायला मला आनंद वाटतो.

आणि तो हत्ती. या लढाईत लढलेल्या पलटणींना कंपनीनं निशाणीवर असईचा हत्ती दिला. साहेबाच्या फौजेत बहुतेक मद्रासी शिपाईच होते, त्यामुळे आजही आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर हत्ती दिसतो. शनिवारवाड्यापुढून निघालेला तुमचा हत्ती चालत चालत असईला आला आणि दुसऱ्याच्या बिल्ल्यावर जाऊन बसला.

पुढचं भराभर सांगतो, कारण पुढचं भराभरच झालं. अडगाव, गाविलगड, १७ डिसेंबरला देवगावचा भोसल्यांशी तह, ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी अंजनगावला शिंद्यांशी. तुमच्या वसईला वर्ष पुरं व्हायला एक दिवस कमी. साहेब वर्ष संपायच्या आत हिशेब चुकते करतात. त्या अंजनगावच्या कागदात काय लिहिलंय ते बघा: अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेला गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा सगळा मुलूख, जालन्याचा किल्ला आणि परगणा धरून, सोडला. आमच्या गावाच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला गोदा. मी नकाशावर बोट ठेवून पोरांना दाखवायचो, हे बघा, हे आपण, कलमाच्या मधोमध. हा मुलूख कंपनीनं निजामाच्या पदरात घातला. थोरला निजाम अली त्याच ऑगस्टात वारला होता. गादीवर नुकत्या बसलेल्या पोराला नजराणा म्हणून आमचा पट्टा मिळाला. पुढं जालन्यात इंग्रजांची छावणीही बसली.

आजूबाजूची बरीच गावं आधीपासूनच निजामाची होती, हे मी लपवत नाही. पण जिथं थोडीफार ओढाताण होती, जिथं आज ना उद्या काही उलटं घडू शकलं असतं, ते दार तुम्ही बंद केलंत. राक्षसभुवन आणि खर्डा धुऊन निघाला. १५ ऑगस्ट १९४७ ला तुमच्या पुण्यात साखर वाटली. आमच्याकडं त्या दिवशी झेंडा लावणं म्हणजे रझाकारांना आमंत्रण. आमचा दिवस उगवला १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिने उशिरा. १८०३ पासून मोजलं तर एकशे पंचेचाळीस वर्षं. शाळेत, रेल्वेत, पाण्यात मराठवाडा मागं का, म्हणून समित्या बसतात, अनुशेषाचे आकडे निघतात. समितीच्या अहवालात तुमचं नाव कुणी घालत नाही. मी घालतो.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे, नाही असं नाही. तुमचं लहानपण नजरकैदेत गेलं. बापाच्या पापासाठी पोराला शिवनेरीवर डांबलं. ज्यांनी डांबलं, त्यांनीच पुढं गादीवर बसवलं, मग उतरवायचे बेतही झाले. विश्वास कुणावर ठेवायचा? शिंदे तुमच्यावर बसलेले, होळकर तुमच्यावर चालून आलेले. वेलस्ली कलकत्त्यात सापळा लावून बसलाच होता. तुम्ही गेला नसतात तर दुसऱ्या कुणाला तरी त्यानं पकडलंच असतं. तुमचे दत्तक बंधू अमृतराव सात लाखांवर तयार होतेच. हे सगळं मी कोर्टात तुमच्या वतीनं मांडीन. पण मग तुम्ही तिथून परत आल्यावर, साहेबाची फौज दाराशी असताना, केलंत काय? मामलतींचा लिलाव. जो जास्त बोली बोलेल त्याला परगणा. त्यानं बोलीचे पैसे कुणाकडून काढायचे? कुणब्याकडून. राज्य भाड्यानं, त्याची राखणही भाड्यानं. तुम्ही स्वतः श्रावणात दक्षिणा वाटत बसलात. तुमची बाजू मांडायला उभा राहिलेला वकील या ठिकाणी खाली बसतो.

पंधरा वर्षांनी तुम्हालाच ते जोखड सोसवेना. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला तुमचे लोक लढले. बापू गोखले पुढं आष्टीला पडला, हातात तलवार घेऊन. तुम्ही खडकी पर्वतीवरून पाहिलीत. म्हणजे कायमचा म्हणून केलेला तह चौदा वर्षं दहा महिने टिकला. आमच्या गावात विहिरीचा पंप जास्त टिकतो.

या पत्राचं उत्तर अपेक्षित नाही. पत्ता लिहिला तो रिवाज म्हणून. बिठूरचे डाकवाले परत पाठवतील तर पाठवोत. तेवढाच एक कागद मराठवाड्याला परत मिळेल.

आपला,
कुंभार पिंपळगावचा एक पेन्शनर

ता. क. तुमच्या माघारी तुमचे दत्तक पुत्र नानासाहेब यांनी ते आठ लाख आपल्याला चालू ठेवा म्हणून अर्ज केला. लंडनपर्यंत वकील पाठवला. कंपनीचं उत्तर आलं: पेन्शन तुमच्या हयातीपुरतं होतं.